निरंक

४ जानेवारी, रविवार

चिरंजीव किल्ली,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, म्हणून कपाळाला हात लावू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मागे तुझ्या बोटांची टकटक ऐकू येते. पत्र वाचताना माणूस निदान दुसरं काही टाइप करत नाही.

आधी तब्येती. माझा गुडघा बराय. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं एक चाक अजून अडतं, त्यामुळे मी आणि ट्रॉली एकाच चालीने चालतो असं धाकटी म्हणते. धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची नर्स. मागे तू आला होतास तेव्हा तुझ्या चहात मीठ पडलं होतं, ते तिच्याच हातून. चुकून, असं ती म्हणते.

आता मुद्दा. शुक्रवारी राजधानीतून पत्र आलं, तुमच्याच आरोग्य खर्च विभागाचं. वाक्य जसंच्या तसं उतरवते: "केंद्र क्रमांक ११८ येथील गृहभेट व पाणी-तपासणी कार्यक्रम कामगिरीअभावी १ एप्रिलपासून बंद करण्यात येत आहे." वाचून मी खाली बसले, उठले, परत बसले. एकतीस वर्षं इथे काम करतेय, आणि आमचा दवाखाना म्हणजे एकशे अठरा हे मला परवा कळलं!

कामगिरीअभावी म्हणे. अरे, दर मंगळवारी आम्ही दोघी दोन्ही गल्ल्यांतले नऊ नळ तपासतो. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं की पाण्यात क्लोरीन आहे, नाही झालं की आरडाओरडा करायचा. बाकीचे दिवस घरोघर. बाळांची वजनं, कुणाला उलट्या, कुणाचे डोळे पिवळे, कोण औषध गादीखाली लपवतंय. हे बंद झालं की धाकटी घरी बसणार, आणि मला निवृत्त होईपर्यंत मोठ्या इस्पितळाच्या भांडारात बँडेजची बंडलं मोजायला बसवणार. माझं जाऊ दे. नळ कोण बघणार?

तू त्याच खात्यात आहेस. एवढंच शोधून काढ की हा शहाणा कोण. त्याचं नाव नको, नुसता पत्ता दे.

तुझी आत्या

*

१२ जानेवारी

आत्या,

पत्र मिळालं. गुडघ्याला मलम आणि ट्रॉलीला तेल लाव, उलट करू नकोस.

तू विचारलेल्या बाबीसंदर्भात चौकशी केली. यंदा सगळीकडेच कपात आहे, त्यामुळे दोनशे अकरा केंद्रांचा आढावा घेण्यात आला आणि त्यातून चौदा कार्यक्रम बंद करण्याची शिफारस झाली. आमचा हॉल मोठा आहे. माझं टेबल एका खांबाच्या आणि झेरॉक्स मशीनच्या मधे आहे, तिथून सगळं दिसतंच असं नाही. ही फाइल कुणा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातून गेलेली दिसते. बिचारा नवीन आहे. नियमाप्रमाणेच त्याने केलं असणार.

तू शांत राहा. दहा मार्चला हरकतींवर सुनावणी आहे. रीतसर अर्ज कर, दोन प्रतिनिधी पाठवता येतात. गडबड-गोंधळ, सह्यांची मोहीम वगैरे करू नकोस, त्याने अधिकारी मंडळी उलट बिथरतात.

माझं बरं चाललंय. मार्चअखेर मला नोकरीत कायम केल्याची ऑर्डर निघेल.

तुझा किल्ली

*

१९ जानेवारी

किल्ल्या,

"बाबीसंदर्भात"! अरे, मी तुझी आत्या आहे, बाब नाही.

सह्यांची मोहीम करू नकोस म्हणालास. तुझं पत्र पोचेपर्यंत तीनशे बारा सह्या झाल्या होत्या, आता पुसू कशा? यातल्या निम्म्या आपल्या शेजारच्या सलूनवाल्याच्या. त्याची पद्धत सोपी. गिऱ्हाइकाच्या एका गालावरचा साबण काढायचा, दुसऱ्या गालावरचा ठेवायचा आणि अर्ज मोठ्याने वाचायला घ्यायचा. सही झाली की दुसरा गाल. एक जण तसाच उठून चालायला लागला तर सगळी गल्ली त्याला हसली. आला बिचारा परत.

लॉण्ड्रीवाली बाईसुद्धा पेटून उठलीय. तिच्या जुळ्यांची वजनं मी जन्मापासून केलीत ना. ती इस्त्रीच्या प्रत्येक कपड्याला अर्जाची चिठ्ठी टाचून पाठवते. काल पाणीखात्याच्या साहेबांच्या सगळ्या शर्टांना गेली.

त्या तुझ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला मी ठोकळा असं नाव ठेवलंय. तो नवीन आहे म्हणून तुला त्याची दया येते, आणि इथल्या बाळांची नाही येत का रे? सोबत त्याच्यासाठी चिठ्ठी जोडलीय. त्याच्या हातात नेऊन दे, टेबलावर ठेवून पळून येऊ नकोस.

तुझी आत्या

(सोबत)

श्री. ठोकळा यांस,

आमच्या कामाचा तुम्हाला अभाव दिसला. तुम्ही कुठून पाहिलंत ते कळवावे. मी दर मंगळवारी सकाळी सात वाजता दवाखान्यातून निघते. तुम्ही यावे. गल्लीत उतार आहे आणि नळांपाशी चिखल असतो, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. चहा मी देईन. मीठ असणार नाही याची खात्री देत नाही.

केंद्र क्रमांक ११८ ची नर्स

*

२८ जानेवारी

आत्या,

चिठ्ठी पोचवली. वाचून त्याचा चेहरा पडला, एवढंच सांगतो.

पण तूही त्याची बाजू ऐक. समोर दोनशे अकरा केंद्रांचे तक्ते, मुदत दोन दिवस. एका केंद्राला हिशेबाने चारच मिनिटं मिळतात. तक्त्यात केंद्राचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. बाराखडी येणाऱ्या कुणीही तेच केलं असतं. कारण एकशे अठराच्या ओळीत काय होतं माहीत आहे का? निरंक. जानेवारी निरंक, फेब्रुवारी निरंक, सलग तेरा महिने निरंक! बाकीची केंद्रं काहीतरी आकडे तरी दाखवतात. कुणी चाळीस, कुणी नव्वद. तुमच्याकडे एक काम नाही. बसल्या जागी एखादी भेट जरी लिहिली असतीत तरी चाललं असतं, पण सरळ निरंक? आता यात ठोकळ्याने काय करायचं?

रागावू नकोस. तुला आळशी म्हणत नाहीये. पण कागदावर जे दिसतं ते दिसतं.

तुझा किल्ली

*

५ फेब्रुवारी

किल्ल्या,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं, आणि निरंकपाशी आले मात्र, मला जे हसू फुटलं ते आवरेचना. धाकटी घाबरून पाणी घेऊन आली, मग रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली. मी तिच्या हातात कागद दिला. मग तिचाही रक्तदाब बघायची वेळ आली.

अरे शहाण्यांनो! आमच्या नोंदवहीत सात रकाने आहेत. घरं किती पाहिली, बाळं किती वजन केली, नळ किती तपासले, कुठे क्लोरीन नव्हतं, काय दुरुस्त करून घेतलं, कुणाला मोठ्या इस्पितळात धाडलं. आणि शेवटचा, सातवा: दूषित पाण्याने आजारी पडलेली माणसं. त्या सातव्यात तेरा महिने निरंक! म्हणजे दोन गल्ल्यांत मिळून एक कावीळ नाही, एक हगवण नाही. तेरावा महिना भरला त्या दिवशी आम्ही दोघींनी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि नाचलो. माझ्या गुडघ्यासकट. तुम्ही पहिले सहा रकाने कुठे सांडले? आणि ते चाळीस-नव्वदवाले, त्यांच्याकडे माणसं आजारी पडली म्हणून तुम्ही त्यांची पाठ थोपटलीत की काय?

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मोठ्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे कुणी बघितलंच नाही. जाऊन, बघून, विचारून काही सापडलं नाही, तरच लिहायचं निरंक. हा शब्द फुकट लिहिता येत नाही रे. गेल्या जूनमध्ये खालच्या गल्लीतला नळ पिवळा होईना. मी पाणीखात्याच्या वॉल्व्हवाल्याला जेवणावरून उठवून आणलं, संध्याकाळपर्यंत फुटका पाइप बदलून घेतला, आणि रात्रीपर्यंत घरोघर पाणी उकळायला लावलं. म्हणून जून निरंक.

हसून झालं. मग थोडं रडूही आलं, खोटं कशाला सांगू. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला शब्द घेऊन तुम्ही माझ्याच डोक्यात मारलात.

आणि तुला तरी हा शब्द समजायला हवा होता. तू चार वर्षांचा होतास, तुझी आई बाळंतपणाला इस्पितळात, तू माझ्याकडे. माझ्या कपाटाची किल्ली गिळलीस आणि वर म्हणालास, "मी नाही गिळली." डॉक्टर म्हणाले, वाट बघा, केळी द्या. तीन दिवस मी केळी भरवत होते आणि तू जे जे केलंस ते सगळं काडीने तपासत होते. वहीत लिहीत होते, निरंक, निरंक, निरंक. चौथ्या दिवशी निघाली. कपाट अजून त्याच किल्लीने उघडते मी. तेव्हा नाक मुरडू नकोस, निरंक म्हणजे काय ते तुझ्याइतकं कुणी अनुभवलेलं नाही.

आता एकच विचारते. त्या ठोकळ्याला एका केंद्रामागे चार मिनिटं मिळाली, हे तुला कसं रे ठाऊक?

तुझी आत्या

*

१३ फेब्रुवारी

आत्या,

घाईत आहे. चार मिनिटं हा माझा आपला अंदाज. हॉलमध्ये असं काही बाही कानावर येतं.

रकान्यांचं तू लिहिलंस ते मी संबंधितांच्या नजरेस आणून देईन. अर्जात ते नीट मांड म्हणजे झालं. इकडे कामाचा फार ताण आहे. तब्येत सांभाळ.

किल्ली

*

१८ फेब्रुवारी

किल्ल्या,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. बाजारात केळी बरीच स्वस्त झालीत. सहज आठवलं म्हणून कळवलं.

आत्या

*

२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तीन ओळींचं पत्र तीन वेळा वाचायला काही लागत नाही, पण मला जेवण गेलं नाही.

ठोकळा मीच आहे.

तो तक्ता मी केला. शिफारस मी लिहिली, खाली सही माझी. शपथेवर सांगतो, एकशे अठरा म्हणजे तू, हे मला तुझ्या पहिल्या पत्राने कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू "हा शहाणा कोण" असं विचारलं होतंस, आणि माझी बोबडी वळली. मग एकदा 'बिचारा नवीन आहे' लिहिलं, आणि पुढे ते निस्तरायला रोज नवीन काहीतरी. तुझी चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. झेरॉक्स मशीनचा आवाज सुरू झाला की काढून वाचतो.

तुझ्या पाच तारखेच्या पत्रानंतर मी मूळ कागद काढले. सात रकाने बरोबर आहेत. केंद्रांवरून जिल्ह्याला सातही जातात. जिल्ह्याच्या कारकुनाने जागा पुरेना म्हणून पहिले सहा गाळले आणि सातव्याचं शीर्षक नुसतं 'नोंद' असं केलं. माझ्यापर्यंत पोचली ती नोंद आणि त्याखाली निरंक. आमच्या खात्यात निरंक म्हणजे काम नाही. शिबिरं निरंक, बैठका निरंक. मी एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही. आणखी सांगतो. बंद होणाऱ्या चौदा केंद्रांपैकी अकरा अशीच आहेत. अकरा ठिकाणी नर्सा माझ्या नावाने बोटं मोडत असतील, आणि बरोबर करतायत.

आता हे दुरुस्त करायचं तर सुनावणीत उभं राहून संचालक बाईंसमोर सांगावं लागेल की चूक माझी. त्यानंतर तीन आठवड्यांनी माझी कायम होण्याची ऑर्डर आहे. बाईंना चूक खपत नाही, आणि चुकीपेक्षा लपवलेली चूक अजिबात खपत नाही. मी ती लपवून बसलोय. मला भीती वाटते आत्या. खरंच वाटते.

रागावली असशील. रागाव, पण लिही.

तुझा किल्ली

*

२ मार्च

किल्ल्या,

पत्र मिळालं. मी रागावलेय की नाही ते सुनावणीनंतर सांगेन, कारण आत्ता मला वेळ नाही.

सुनावणीला मी येणार नाही. दहा मार्चला मंगळवार आहे. मी राजधानीत येऊन बसले तर नऊ नळ कोण बघणार? धाकटी एकटी चार बघेल फार तर. मग त्या महिन्याचं निरंक खोटं लिहायचं का? एकतीस वर्षांत खोटं निरंक लिहिलं नाही, ते वाचवायला म्हणून पहिलं लिहू?

माझ्या जागी सलूनवाला आणि लॉण्ड्रीवाली बाई येतायत. सह्या एकूण एक हजार नव्वद झाल्या. तिच्याकडे माझ्या एकसष्ट वह्या असतील, आणि पाणी तपासायची पेटी पण देतेय, कारण तोंडाने समजावलेलं साहेब लोकांना कळत नाही, रंग कळतो. सलूनवाल्याला जास्त बोलू देऊ नकोस. आणि तो कात्री घेऊन येईल, ती दारात काढून घ्यायला सांग.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तीस वर्षांचा घोडा झालास. भीती वाटते म्हणालास ते बरं केलंस. मलाही जूनमध्ये तो नळ पिवळा होईना तेव्हा वाटली होती. हात थरथरत होते, पण वॉल्व्हवाल्याकडे पायांनी जायचं असतं.

आत्या

*

११ मार्च

आत्या,

काल काय झालं ते सलूनवाला येऊन सांगेलच, पण तो त्यात स्वतःला नायक करील, म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

सभागृहात लांब टेबल, मधे संचालक बाई, दोन्ही बाजूंना तीन-तीन अधिकारी, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास. मी कडेला फाइल घेऊन. आधी तुमची मंडळी बोलली. सलूनवाल्याने सुरुवातच अशी केली की, "मॅडम, मी रोज पन्नास माणसांच्या गळ्यावर वस्तरा धरतो. ती निमूट बसतात, कारण माझा हात रोजचा आहे. आमच्या नर्सबाईंचा हात तसा आहे." बाई गालात हसल्या. मला जरा धीर आला.

मग मला विचारलं, शिफारशीचा आधार काय. मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, आधार चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. मी निरंक हा शब्द वाचला, तो कुणी आणि कशासाठी लिहिला ते विचारलं नाही. ही चूक मला फेब्रुवारीतच कळली होती. मी गप्प बसलो." बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काम न करता निरंक आणि काम करून निरंक, यातला फरक आम्ही इथे बसून कसा ओळखायचा?"

प्रश्न बरोबर होता. आणि आत्या, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? किल्ली! सात अधिकाऱ्यांसमोर मी सांगितलं, की मी चार वर्षांचा असताना किल्ली गिळली आणि माझी आत्या तीन दिवस काडीने तपासून वहीत निरंक लिहीत होती. "मॅडम, त्या तीन दिवसांत तिने सगळ्यात जास्त काम केलं, आणि वहीत तीनदा निरंक आहे." बाजूच्या अधिकाऱ्याला ठसका लागला. त्याने ग्लास उचलला.

तेवढ्यात आपली लॉण्ड्रीवाली बाई ओरडली, "थांबा साहेब!" सरळ पेटी उघडून त्याच्या ग्लासातलं पाणी बाटलीत घेतलं, दोन थेंब टाकले, आणि बाटली उजेडात धरली. रंग नाही. हलवली. रंग नाही! दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, सगळं तसंच बिनरंगाचं. "आमच्या गल्लीत हे पाणी असतं ना, तर नर्सबाईंनी तुमच्या शिपायाला एव्हाना टाकीवर चढवला असता," ती म्हणाली. सातही ग्लास एकदम खाली ठेवले गेले. शिपाई गच्चीवर धावला आणि येऊन म्हणाला, टाकीचं झाकण कधीचं उडालंय आणि आत एक मेलेलं कबूतर आहे. ते पाणी मी दोन वर्षं पितोय, आत्या.

इमारतीतल्या पाण्याची तपासणी कुणाकडे, असं बाईंनी विचारलं. एक वही आली. त्यात पाण्याचा रकाना आठ महिने रिकामा. निरंकसुद्धा नाही, रिकामा. बाईंनी तुझी एक वही शेजारी ठेवली, दोन्हींवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कळला फरक."

निर्णय असा: अकराही केंद्रांचे कार्यक्रम चालू राहणार. उरलेल्या तीन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय काही बंद करायचं नाही. तक्त्यात सातही रकाने येणार. लॉण्ड्रीवाली बाई तिथेच मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि सलूनवाला तिला धीर देता देता स्वतःच रडला.

माझं: ऑर्डर सहा महिने पुढे गेली. लपवल्याबद्दल. चुकीबद्दल वेगळी शिक्षा, ती म्हणजे चौदाही केंद्रांवर स्वतः जायचं, एक-एक दिवस नर्सबरोबर फिरायचं आणि अहवाल लिहायचा. सुरुवात एकशे अठरापासून. चोवीस तारखेला मंगळवार आहे. बूट घेतलेत.

आता तरी सांग. रागावलीस का?

तुझा किल्ली

*

१८ मार्च

चिरंजीव किल्ली,

तुझं पत्र सलूनमध्ये जाहीर वाचून झालं. दोन्ही गालांवर साबण असलेली माणसं टाळ्या वाजवत होती. कबुतरापाशी तर एकाने मान हलवली आणि कानाजवळ कापून घेतलं. मलमपट्टी मी केली, सहाव्या रकान्यात घातलेली नाही. धाकटी म्हणते तुझ्या चहात या वेळी साखर घालेल, पण तू आधी वास घेऊन बघ.

तुझी ऑर्डर पुढे गेली त्याचं वाईट वाटतं. पण तू उभा राहिलास, ते ऐकून माझा ऊर भरून आला. त्या दिवशी मी खालच्या गल्लीत नवव्या नळापाशी होते. बाटली पिवळी झाली, आणि मला उगीच वाटलं, पोराने सांगितलं असणार. जीव भांड्यात पडला.

रागाचं विचारतोस. अरे वेड्या, तुझ्या पहिल्याच पत्रात मला कळलं होतं. "बिचारा नवीन आहे" असं कोणता अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याबद्दल लिहितो? मी रागावले होतेच, चांगली आठवडाभर. पण डॉक्टरांनी सांगितलेलं विसरले नव्हते. असल्या वेळी मारून, ओरडून काही निघत नाही. वाट बघायची.

मंगळवारी सातला निघायचं. सोबत तुझ्यासाठी जुन्या वहीतलं पान पाठवतेय. वरच्या ओळी तेव्हाच्या, खालच्या आत्ताच्या. अहवालाला जोडायचं तर जोड.

तुझी आत्या

(सोबतचं पान)

सोमवार: निरंक
मंगळवार: निरंक
बुधवार: निरंक
गुरुवार: किल्ली

१२ जानेवारी: निरंक
२८ जानेवारी: निरंक
१३ फेब्रुवारी: निरंक
२४ फेब्रुवारी: किल्ली